साने गुरुजी: गीतकार आणि प्रकाशक

मराठी काव्यसमीक्षेत साने गुरुजींच्या पद्यरचनेचा विचार फारसा झालेला नाही. 'श्यामची आई'चे लेखक म्हणून त्यांना वाङ्मयेतिहासात स्वतंत्र परिच्छेद मिळतो. कवी म्हणून मात्र दोन-तीन वाक्यांत त्यांची वासलात लावली जाते. भावना उत्कट आहे, हेतू उदात्त आहे, कला बेताची आहे, असा तो ठरीव निवाडा. 'पत्री' हा संग्रह हाती घेऊन एका बैठकीत वाचणाऱ्याला हा निवाडा खोटा वाटणार नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. परंतु त्याच संग्रहाच्या कर्त्याची दोन-तीन गीते गेली नव्वद वर्षे महाराष्ट्रातील शाळांच्या पटांगणांत, प्रभातफेऱ्यांत आणि शिबिरांत सामुदायिक रीतीने गायिली जात आहेत. ज्यांच्या कवित्वाविषयी समीक्षकांनी एकमुखाने गौरवोद्गार काढले अशा कित्येक कवींच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. ही विसंगती 'लोकप्रियता म्हणजे गुणवत्ता नव्हे' या सुभाषिताने मिटणारी नाही. गीत आणि कविता या दोहोंना आपण एकच गज लावतो, आणि गुरुजींनी चालविलेली नियतकालिके व संपादिलेली संकलने चरित्रकारांच्या स्वाधीन करून मोकळे होतो, हे या विसंगतीचे खरे कारण असावे. गीत रचणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचविणे हा गुरुजींच्या लेखी एकच उद्योग होता.

या उद्योगाची भूमी खानदेश ही आहे. पण गुरुजी खानदेशचे नव्हेत. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड येथे झाला. दापोली, औंध, पुणे असे शिक्षणाचे मुक्काम करीत ते १९२३ मध्ये अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाले. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आलेला हा तरुण पुढच्याच वर्षी खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाला आणि तिच्या छात्रालयाची व्यवस्था पाहू लागला. रत्नागिरी जिल्ह्यातून शिक्षकाच्या पेशाने खानदेशात आलेले ते पहिले कवी नव्हते. मालगुंडचे केशवसुत त्यांच्या आधी पाव शतक फैजपूरच्या शाळेत शिकवीत होते. केशवसुतांच्या कवितेत मात्र तापीकाठचा मुक्काम हा मुक्कामच राहिला. आलेल्या प्रांताने त्यांना श्रोता दिला नाही. किंवा त्यांनी तो मागितला नाही असे म्हणू. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्याही आतील मुलाला 'बालकवी' ही उपाधी मिळाली, तेव्हा केशवसुत जाऊन दोन वर्षे झाली होती. गुरुजींच्या बाबतीत याच्या उलट घडले. त्यांना अमळनेरने प्रथम श्रोते दिले. गीते मागाहून आली.

हे श्रोते म्हणजे छात्रालयातील मुले. 'छात्रालय' नावाचे एक हस्तलिखित दैनिक गुरुजी त्यांच्यासाठी काढीत असत. रोज एक अंक, आणि तोही हाताने लिहिलेला. प्रकाशनव्यवसायाच्या दृष्टीने पाहता याहून हास्यास्पद उपक्रम सापडणे कठीण. परंतु गीतकाराच्या घडणीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व फार आहे. छापील मासिकाला कविता पाठविणाऱ्या कवीला आपला वाचक दिसत नाही. संपादकाचे पत्र, क्वचित एखादा अभिप्राय, एवढाच त्याचा व्यवहार. हस्तलिखिताच्या कर्त्यासमोर त्याचा वाचक सकाळी उभा असतो. कोणता शब्द त्याला अडला, कोणत्या वाक्यावर तो रेंगाळला, हे लिहिणाऱ्याला त्याच दिवशी कळते. १९२८ मध्ये गुरुजींनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले तेव्हा ते या सवयीतून तयार झाले होते. त्यांच्या गद्यातील लहान लहान वाक्ये, वारंवार येणारी संबोधने, प्रश्न विचारून आपणच उत्तर देण्याची लकब, यांचे मूळ शोधताना टीकाकार कधी कीर्तनपरंपरेकडे तर कधी मातृसंस्कारांकडे जातात. छात्रालयाच्या भिंतीवरच्या त्या कागदाकडे कोणी जात नाही!

१९३० साली नोकरीचा राजीनामा देऊन गुरुजी सत्याग्रहात उतरले आणि त्यांचा तुरुंगवास सुरू झाला: धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक. यांपैकी धुळ्याच्या तुरुंगातील १९३२ चा काळ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगा आहे. २१ फेब्रुवारी ते १९ जून या अवधीत प्रत्येक रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती बसल्या जागी उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यामुळे आपल्या हाती आला. विनोबांची 'गीताई'ही १९३२ मध्येच, ते धुळ्याच्या तुरुंगात असताना, प्रथम छापून निघाली. म्हणजे एकाच वर्षी, एकाच गावाच्या संदर्भात, गाण्यासाठी रचलेले गीतेचे मराठी रूप छापील झाले आणि बोललेले गीताविवरण लेखनिविष्ट झाले. गुरुजींची भूमिका येथे लेखकाची नव्हे, लेखनिकाची आहे. दुसऱ्याचा आवाज कागदावर आणताना आपला आवाज मधे येऊ न देणे, आणि तरीही तो कागद वाचणाऱ्याला आवाज ऐकू यावा अशी वाक्ये ठेवणे, ही विद्या त्यांनी तेथे सिद्ध केली. लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'ची प्रकरणे 'रात्री' आहेत हा योगायोग नव्हे. ते पुस्तक लिहिलेले नाही, सांगितलेले आहे. लेखकाने स्वतःचाच लेखनिक होऊन ते उतरविले आहे.

आता 'पत्री'. हा संग्रह १९३५ चा. देवाला वाहावयाची पाने, असे नाव संग्रहाला देण्यात विनय आहे, पण एक सूचनाही आहे: पत्री निवडून वाहतात, मोजून वाहत नाहीत. गुरुजींनी निवड केली नाही. पुष्कळ कवितांच्या अखेरीस स्थळकाळाची नोंद आहे. अमळनेरचे छात्रालय, धुळे तुरुंग, त्रिचनापल्ली तुरुंग, नाशिक तुरुंग ही नावे ओळीने येत जातात आणि एखाद्या कैद्याच्या बदल्यांचा कागद वाचावा तसा परिणाम होतो. यातील आत्मपर कविता आज वाचवत नाहीत, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. मी पापी, मी दुबळा, मला पदरात घे, या भावनेची आवर्तने संतकाव्यातून आलेली आहेत. परंतु तुकोबांच्या आत्मनिंदेत जो भांडखोरपणा आहे, देवाला धारेवर धरण्याची जी हिंमत आहे, ती येथे नाही. अश्रू हा शब्द तर इतक्या सढळपणे वापरला आहे की त्याचे मोल राहत नाही. समीक्षकांचा प्रतिकूल निवाडा या कवितांवर आधारलेला आहे आणि तेवढ्यापुरता तो न्याय्य आहे.

पण याच संग्रहाच्या काळातील, याच हाताची 'खरा तो एकचि धर्म' ही प्रार्थना घ्या. तिची रचना लगागागा या सात मात्रांच्या गणाच्या आवर्तनावर चालते. छंदःशास्त्रात वियद्गंगा या नावाने ओळखले जाणारे हे वृत्त त्या काळी मराठीत गझलेच्या अनुषंगाने रुळत होते. माधव जूलियनांची 'गज्जलांजली' १९३३ ची. विरह आणि प्रणय यांसाठी वाहू लागलेले हे वळण गुरुजींनी प्रार्थनेसाठी उचलले. ध्रुवपदात लगक्रम जवळजवळ काटेकोर आहे. कडव्यांत मात्र तो सैल होऊन केवळ मात्रांचे वजन उरते. छंदाच्या परीक्षकाला हा दोष दिसेल. गाणाऱ्या शंभर मुलांना तो दिसत नाही, कारण ओळीच्या शेवटी स्वर लांबवून ते राहिलेली मात्रा भरून काढतात. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट क्रियापदांची आहे. कडव्यांच्या शेवटच्या ओळी 'आवे'कारान्त विध्यर्थी रूपावर येऊन थांबतात आणि ध्रुवपदाच्या यमकाला जाऊन मिळतात. विध्यर्थाच्या या भावे रूपाला पुरुष नाही. 'मी करीन' नाही, 'तू कर' नाही. उपदेश करणारा आणि ऐकणारा असे दोन पक्षच या गीतात उभे राहत नाहीत; जो गातो तोच स्वतःला सांगतो. उपदेशपर काव्य रुक्ष होते ते उपदेशकाच्या उंच आसनामुळे. व्याकरणाच्या एका साध्या रूपाने गुरुजींनी ते आसन काढून टाकले आहे. हे त्यांनी जाणीवपूर्वक केले की प्रार्थनेला उभ्या असलेल्या मुलांच्या सहवासाने त्यांच्याकडून करविले, हा वाद घालण्याचे कारण नाही.

'बलसागर भारत होवो' या गीतात याउलट 'मी' आहे, आणि तो शपथ घेणारा 'मी' आहे. ओळ चौदा मात्रांची; तीन ओळींचे एक यमक आणि चौथी ओळ ध्रुवपदाच्या यमकाकडे परत येणारी. 'दिधले'सारखी जुनी काव्यरूपे येथे मुबलक आहेत आणि पानावर वाचताना ती खटकतात. परंतु शपथेची भाषा नेहमीच थोडी जुनी असते. लग्नातील मंत्र कोणी बोलीभाषेत म्हणावयास सांगत नाही. शिवाय पानावरचा 'मी' एकटा असतो, तर पटांगणावरच्या 'मी'मध्ये शंभर जण असतात. 'पत्री'तील आत्मपर कवितांचा रडवेला 'मी' आणि या गीतातील 'मी' हे एकाच कवीचे असले तरी त्यांची जात वेगळी आहे. पहिल्याला कोणी साक्षीदार नाही. दुसऱ्याला साथ आहे, आणि साथीमुळे त्याच्या उच्चारातील अतिशयोक्ती खरी होते. गुरुजींचे काव्य एकान्तात ढासळते आणि समुदायात सावरते, असे माझे निरीक्षण आहे. भावगीताच्या कसोटीवर त्यांची परीक्षा घेणे म्हणजे पखवाजाला सतारीच्या मिंडीबद्दल गुण देणे होय.

तिसरे उदाहरण भाषेच्या दृष्टीने निराळे पडते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि त्याच्या तयारीसाठी गुरुजी पूर्व खानदेशातील गावांतून हिंडले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. शेतकरी आणि गिरणी कामगार हा आता त्यांचा श्रोता होता. शेतकऱ्यांच्या लढ्यासाठी रचलेल्या 'आता उठवू सारे रान' या गीतात 'दिधले' नाही, 'अर्पावे' नाही, संस्कृत समास नाहीत. ओळ पंधरा मात्रांची आणि एका मात्रेचा विसावा. चार-चार मात्रांचे चार ठोके, म्हणजे सरळ पावलांचा ताल. क्रियापद प्रथमपुरुषी अनेकवचनी, भविष्यकाळाचे. छात्रालयासाठी भावे प्रयोग, सत्याग्रह्यासाठी शपथेचे एकवचन, मोर्च्यासाठी 'आम्ही'चे भविष्य. इतका व्याकरणाचा फरक केवळ श्रोता बदलल्याने पडतो. खानदेशने गुरुजींना काय दिले, या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. त्याने शब्द दिले नाहीत. अमळनेरच्या भोवताली अहिराणी बोलली जाते, जळगाव-यावल पट्ट्यात लेवा बोली. गुरुजींच्या गीतांत या दोहोंपैकी कशाचाही मागमूस नाही. कोकणच्या शब्दांची 'श्यामची आई'त जी घरगुती लगबग आहे तीही गीतांत नाही. गीतांची भाषा कोणत्याच गावची नाही. आलेल्या माणसाला सोडलेल्या गावची भाषा नव्या गावात गाता येत नाही आणि नव्या गावची आपली म्हणून मिरविता येत नाही. मग तो दोन्हीकडे चालणारी तिसरी भाषा पत्करतो. त्यामुळे या गीतांना मातीचा वास नाही, ही तक्रार रास्त आहे. त्यामुळेच ती सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत कोणालाही परकी वाटली नाहीत, हेही तितकेच खरे.

स्थलांतर, गीत आणि प्रकाशन यांचा असा संयोग मराठी माणसाच्या बाबतीत याआधी एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडला होता. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ मध्ये मिरज सोडून उत्तरेकडे निघाले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली, 'संगीत बालप्रकाश', 'रागप्रवेश' यांसारखी क्रमिक पुस्तके काढली, 'संगीतामृतप्रवाह' हे मासिक चालविले, भजने स्वरलिपीसह लोकांच्या हाती दिली. पुढे मुंबईत विद्यालयाची इमारत कर्जापायी गेली आणि ते रामनामाकडे वळले. परंतु छापलेली चाल मागे राहिली. पलुसकरांनी स्वर छापले. गुरुजींनी केवळ शब्द. 'पत्री'त स्वरलेखन नाही. परिणामी पलुसकरांच्या परंपरेतील चाल गुरूकडे अथवा पुस्तकाकडे पडताळून पाहता येते, तर गुरुजींच्या गीतांची चाल ज्या शाळेत जी रूढ झाली ती. प्रकाशक म्हणून ही त्यांची उणीव मानावी काय? मला तसे म्हणवत नाही. चाल न छापल्याने गाणाऱ्याला परवानगी मागावी लागली नाही. मात्र संगीताच्या अभ्यासकाला या गीतांचा इतिहास लिहिताना कागदावर धरावयास काही सापडत नाही, आणि त्याची ही अडचण खरी आहे.

प्रकाशक म्हणून गुरुजींचे सर्वांत दुर्लक्षित कार्य 'स्त्री जीवन' हे होय. स्त्रियांच्या ओव्या जमवून, त्यांच्याभोवती आपले निवेदन गुंफून त्यांनी दोन भाग सिद्ध केले. लोकसाहित्याच्या आजच्या शिस्तीने पाहणाऱ्याला हे संकलन समाधान देणार नाही. निवेदन फार बोलके आहे. ओवीने जे न बोलता सांगितले ते गुरुजी पुन्हा सांगतात. जात्याची घरघर थांबवून कोणी अर्थ समजावून सांगावा तसे काहीसे होते. तथापि स्वतःचे गाणे छापण्याऐवजी अनाम बायकांचे गाणे छापावयास घेणारा कवी त्या पिढीत विरळाच.

आणि याच संदर्भात एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. गुरुजी अमळनेरला शिकवीत होते, मासिक काढीत होते, पुढे ओव्या जमवीत होते, त्या सर्व काळात त्याच जिल्ह्यात, जळगावला, बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात गाणी रचीत होत्या. आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. गुरुजी ११ जून १९५० रोजीच गेले होते. ज्यांनी आयुष्यभर आवाज कागदावर आणला त्यांच्या हातून जिल्ह्यातला सर्वांत थोर आवाज निसटला. अत्रे यांनीच पुढच्या वर्षी 'श्यामची आई' पडद्यावर आणली. म्हणजे खानदेशच्या या दोन गायकांना, मूळच्या आणि आलेल्या, मुंबईकडील एकच प्रकाशक लाभला असे म्हणता येईल.

या दोघांची तुलना आपल्या वर्गांतून नेहमी एकाच बाजूने होते, आणि निकाल आधीच लागलेला असतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचे नाव आहे, ते योग्यच आहे. बहिणाबाईंचे गाणे एका बोलीत इतके रुतलेले आहे की दुसऱ्या जिल्ह्यातील वाचकाला शब्दार्थ विचारावे लागतात, आणि विचारल्यावर त्याचे पारणे फिटते. गुरुजींच्या गीतात विचारावे असे काही नाही. पण बहिणाबाईंचे गाणे समुदायाने गाता येत नाही. त्याला एक गळा आणि एक जाते लागते. ज्या प्रदेशात बोलीच्या ओव्यांची एवढी श्रीमंती होती तेथे सर्वांनी मिळून गावयाचे गीत एका कोकणी शिक्षकाने बाहेरून आणावे लागले, याची कारणे काय, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घेण्याजोगा आहे. माझा तर्क असा की बोलीतील गाणी नात्यांना आणि कामांना बांधलेली होती. शाळा, मोर्चा आणि तुरुंग या जागा नव्या होत्या, आणि तेथे उभ्या असलेल्या माणसांचे एकमेकांशी नाते अजून ठरावयाचे होते.

१९४८ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेले 'साधना' साप्ताहिक आणि त्याच सुमारास मांडलेली आंतरभारतीची कल्पना हे या कारकीर्दीचे शेवटचे पर्व. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून पुढे 'कुरल' मराठीत आणणाऱ्या माणसाने प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात असे म्हणावे, यात आश्चर्य नाही. त्या पर्वाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

एका पाठचिकित्सेच्या मुद्द्याकडे मात्र येथेच लक्ष वेधतो. प्रार्थनेच्या ध्रुवपदातील 'एकचि' हा शब्द ऱ्हस्व छापला जातो आणि शाळांतून 'एकची' असा दीर्घ गायिला जातो. वृत्ताला दीर्घच हवा, म्हणजे येथे गाणाऱ्या मुलांचा पाठ छापील पाठापेक्षा अधिक शुद्ध आहे. गुरुजींच्या गीतांची चिकित्सक आवृत्ती कोणी सिद्ध करावयास घेतली, तर जुन्या आवृत्त्यांबरोबर अमळनेर, धुळे आणि जळगाव येथील शाळांच्या सकाळच्या प्रार्थनाही तिला आधार म्हणून नोंदवाव्या लागतील.